जोमानानाचा हिरवा

जोमानाना कोणताही फोटो हातात घेतला की आधी त्यावर अंगठ्याचं नख घासायचा. कागदावरचा असो, फ्रेममधला असो, नाहीतर माझ्या नव्याकोऱ्या मोबाइलच्या काचेवरचा. नख घासायचं, मग नखाकडे बारकाईने बघायचं आणि तोंड वाकडं करून निकाल द्यायचा, "कच्चा हाय." पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा भोळा आहे बिचारा, मोबाइलच्या आत ऑइल पेंट भरलेला असतो असं समजतोय. मी त्याला पाच मिनिटं समजावून सांगत बसलो. तो मान डोलावत ऐकत राहिला आणि शेजारच्या होडीवरचे दोघे खलाशी तोंडावर टॉवेल धरून खिदळत होते. कोण भोळा आहे ते मला सोडून सगळ्या बंदराला कळलं होतं.

नाना आदगावच्या बंदरावर होड्या रंगवायचा. माझा स्टुडिओ तिथून वर, बोर्ली पंचतनच्या बाजारात. लग्नं, बारशी, साखरपुडे आणि आता हे लग्नाआधीचं समुद्रावरचं धावणं, सगळं मी काढतो. नाना जाऊन दोन वर्षं झाली. हल्ली नवे फोटोग्राफर विचारतात, "दादा, रंगाचं कुठे शिकलात?" त्यांना वाटतं मी मुंबईला जाऊन कसला तरी कोर्स केला असणार. मी शिकलो ते एका होडी रंगवणाऱ्याच्या शिव्या खात. आणि तेही इतक्या मठ्ठपणे, इतक्या उशिरा, की माझ्या एका निळ्या रंगापायी पाच माणसं दर्यात राहायची वेळ आली होती. त्यातला एक त्याचा मुलगा होता.

आमची पहिली भेट म्हणजे माझा जाहीर पाणउतारा. एका जोडप्याला घेऊन मी बंदरावर गेलो होतो. नवरी लाल घागऱ्यात, आणि मी तिला उभी केली लालभडक होडीसमोर. लालावर लाल, काय राजेशाही दिसेल, अशी माझी अक्कल! तेवढ्यात शेजारच्या होडीला बांधलेल्या फळीवरून आवाज आला.

"ए स्टुडिओ! नवरी कुठं गेली?"

"ही काय समोर!"

"मना तं निस्तं तोंड आनि दोन हात दिसतान. बाकीची होडीन गेली."

नवरी फस्सकन हसली, नवऱ्याचं तोंड पडलं. नाना खाली उतरला, दोघांना दंडाला धरून वाळत घातलेल्या जुन्या करड्या जाळ्यांसमोर उभं केलं आणि मला म्हणाला, "डोले बारीक कर. अजून. आता बग, पैलं काय दिसतं?" मी डोळे किलकिले केले. जाळी, वाळू, आभाळ सगळं एकमेकांत मिसळून गेलं आणि तो लाल घागरा तेवढा राहिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला धड फोटो. मला भयंकर राग आला, कारण म्हातारा बरोबर होता.

त्या दिवसापासून त्याने माझं नाव कधी घेतलं नाही. मी 'स्टुडिओ'च राहिलो. मी त्याच्याकडे का जायचो, हे मलाही नीट सांगता येणार नाही. चार लोक वाहवा करतात आणि एकजण नाक मुरडतो, तेव्हा पाय त्या एकाकडेच वळतात, हा माझा जुना आजार आहे.

त्या वेळी मी प्रीसेटच्या नादी लागलो होतो. प्रीसेट म्हणजे रंगांचं तयार पाकीट. विकत घ्यायचं, एक बटण दाबायचं, की तुमच्या फोटोतले सगळे रंग दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले होतात. माझ्या पाकिटात हिरव्याचं मोरपंखी निळं व्हायचं, समुद्र परदेशी व्हायचा आणि माणसं भाजलेल्या पापडासारखी तांबूस दिसायची. मी मोठ्या ऐटीत नानाला एक फोटो दाखवला.

"यो कोनचा दर्या?"

"आपलाच, नाना. ते बघा, मागे बंदर दिसतंय."

"आपला दर्या मातीचा हाय. खाडीचा गाल-चिखल घेऊन येतो. त्याला निल कोनी घातली?"

किनाऱ्यावरच्या लॉजवाल्यांना मात्र माझा निळा फार आवडायचा. त्यांनी तो पाट्यांवर छापला, मोबाइलवर फिरवला. मग शनिवारी आलेली मंडळी वाळूत उभी राहून एकदा मोबाइलकडे आणि एकदा चहाच्या रंगाच्या लाटांकडे बघायची आणि विचारायची, "ये फोटोवाला बीच किधर है?" नाना त्यांना ब्रशने रस्ता दाखवायचा, "वर बाजारान. स्टुडिओच्या दुकानान हाय." तीन गाड्या खरोखर माझ्या दारात येऊन थांबल्या होत्या.

आता त्याला गुरू म्हणून देव्हाऱ्यात बसवायची माझी अजिबात इच्छा नाही. माणूस महा खवचट आणि स्वतःवर बेहद्द खूश. अख्ख्या किनाऱ्यावर होडी रंगवायची अक्कल आपल्यालाच, हे तो दिवसातून चारदा सांगायचा. मुरूडच्या एका रंगाऱ्याची होडी बघून म्हणाला, "यानं होडी न्हाय, पानाची टपरी रंगवली." स्वतःच्या घराच्या भिंतींना मात्र बारा वर्षं हात लावला नव्हता. त्याची बायको माझ्यासमोर करवादली की हा शांतपणे म्हणायचा, "घर कुठं चाललंय? जे लांबून ओलखायचं न्हाय त्याला रंग कशाला?" त्या बाईने कसे दिवस काढले असतील, तिचं तिलाच ठाऊक.

पण पांढरा रंग मिसळताना त्याला बघावं. डब्यात निळीची चिमूट टाकायची, ढवळायचं, फळीवर एक बोट ओढायचं आणि तसंच सोडून द्यायचं. सकाळी बघायचं, दुपारी बघायचं, सुकल्यावर बघायचं, मगच पुढचं. मी घाई केली की म्हणायचा, "आदी पांढरा बग. पांढरा चुकला तं सगलं चुकलं. तुज्या फोटोन नवरदेवाची टोपी बग, कावीळ जाल्यागत हाय." मी घरी येऊन दहा अल्बम उघडले. दहाही टोप्यांना कावीळ! तेव्हापासून मी लग्नात आधी टोपी शोधतो, तिचा पांढरा बरोबर येईपर्यंत दुसऱ्या रंगाला हात लावत नाही. एकदा त्याने मी गोरी केलेली एक नवरी पाहिली आणि प्रथमच चिडून बोलला, "पोरीचा रंग तिच्या आयशीनं दिलाय. तू कोन धुनारा?" मी उत्तर दिलं की गिऱ्हाइकाला तसंच लागतं. तो थुंकला आणि कामाला लागला.

म्हणजे अर्धं मी शिकलो होतो. उरलेलं अर्धं त्या पाकिटात अडकलं होतं.

नारळी पौर्णिमेला बंदरावर होड्यांची पूजा असते. पावसाळ्याची बंदी संपून होड्या बाहेर पडायच्या, त्याआधी नवा रंग, पताका, हार. त्या वर्षी मी प्रत्येक होडीचा फोटो काढून घरोघर फ्रेम दिली. नानाच्या मुलाची, काशिनाथची होडी नानाने जीव ओतून रंगवली होती. अंग पांढरं, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर केशरी आणि कडेने हिरवा पट्टा. तो हिरवा डब्यातला नव्हता. चार दिवस खपून त्याने स्वतः मिसळलेला, कोवळ्या भाताच्या रोपाचा हिरवा. आणि मी काय केलं? बटण दाबलं. हिरव्याचा मोरपंखी निळा झाला, केशरीचा विटकरी. मला तर ते फारच सुंदर वाटलं.

नानाने फ्रेम हातात घेतली. नख घासलं नाही, काही नाही.

"ही होडी कोनाची?"

"तुमचीच की."

"माजी न्हाय. घेऊन जा."

मलाही झटका आला. म्हटलं, "नाना, तुमची नजर गेली आता. जग कुठे चाललंय बघा जरा." ती फ्रेम उचलली आणि तोच फोटो त्याच्या सुनेच्या, मंदाच्या मोबाइलवर पाठवून दिला. मंदाने लगेच तो मोबाइलवर आपल्या नावापुढच्या चित्रात लावला. मला वाटलं, जिंकलो.

ऑक्टोबरात एके दिवशी वारा अचानक फिरला. बाकीच्या होड्या कशाबशा परत आल्या, काशिनाथची आली नाही. होडीवर पाचजण. वायरलेस बंद, मोबाइलला रेंज नाही. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला तेव्हा मंदाने होता तोच फोटो सगळ्या बंदरांवरच्या ग्रुपांत टाकला. दिघी, आगरदांडा, श्रीवर्धन, खाली रत्नागिरीपर्यंत. पोलिसांच्या बोटीलाही तोच गेला. होडीवर नंबर असतो, पण दर्यावर लांबून नंबर कोण वाचतो? पट्टा बघतात. आणि सगळा किनारा निळ्या पट्ट्याची होडी शोधत होता.

दुपारी बाराच्या सुमाराला नाना माझ्या स्टुडिओत आला. आयुष्यात पहिल्यांदा. पायात चप्पल नव्हती, हातात तो हिरवा लागलेलं रंगाच्या डब्याचं झाकण. माझ्या मोबाइलवर तो ग्रुप उघडाच होता आणि मी निव्वळ मूर्खासारखा प्रार्थना करत बसलो होतो. माझ्या डोक्यात प्रकाश पडलाच नव्हता.

"स्टुडिओ," तो म्हणाला, "लोक माज्या पोराला शोधत न्हायत. तुज्या निल्याला शोधतान."

नशीब एवढंच, की कॅमेऱ्यातला मूळ फोटो मी पुसला नव्हता. तो उघडला. नानाने खिडकीशी जाऊन झाकणावर उजेड घेतला, स्क्रीनकडे बघितलं. "न्हाय. पांढरा बग आदी." फोटो काढला त्या दिवशी आभाळ होतं, त्यामुळे मूळ फोटोतही निळसर झाक होती. मी पांढरा सरळ केला. "पिवला वाढीव. जास्ती जाला. मागं ये. हां." झाकण आणि पट्टा जुळले. मी विचार केला, लांबून उठून दिसावा म्हणून थोडा झगमगीत करू. हात पुढे गेला आणि नानाने मनगट पकडलं.

"उजल नको करू. दोन म्हैने पानी खाल्लंय त्यानं. ऊन खाल्लंय. आज कसा हाय तसा कर. मीठ लाव त्याला."

कॉम्प्युटरवर मीठ लावायचं कसं, हे कुठल्याच पाकिटात नव्हतं. मी रंगाचा जोर हळूहळू उतरवत गेलो. हिरवा फिका झाला, पांढऱ्यावर थोडा मळ आला, नाळेवरचा केशरी विटला. नाना नुसता स्क्रीनकडे बघत नव्हता. तो डोळे मिटून आपल्या होडीकडे बघत होता, मग डोळे उघडून माझ्याकडची बघायचा. "अजून. अजून जरा." आवाज नेहमीसारखाच खवचट. शेवटी म्हणाला, "ही माजी. धाड." मी तो फोटो त्याच सगळ्या ग्रुपांत टाकला.

संध्याकाळी चारला दक्षिणेकडच्या एका ट्रॉलरचा निरोप आला. "अशी होडी सकाळी नांगरावर उभी दिसली होती, ही ती नव्हे म्हणून आम्ही पुढे गेलो, आता परत जातोय." मंदा तो निरोप जोरात वाचत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॉलरने होडी ओढत दिघीच्या धक्क्याला आणली. पाचहीजण उतरले. ओठ फुटलेले, तोंडं करपलेली, केसांत मीठ. बायकांचा हंबरडा फुटला. नानाने पोराला मिठीबिठी मारली नाही. आधी होडीची कड चाचपली आणि ओरडला, "पट्टा खरवडून आनलास ना रे!" आणि मग तिथेच खाली बसून ढसाढसा रडला.

काशिनाथ पाण्याचा तांब्या रिकामा करून म्हणाला, "बाबा, एक सांग मना. ट्रॉलर काल सकालीच आमच्या समोरून गेला. इंजिन बंद, मी शर्ट हलवला. तो बग, तो तांडेल, दुर्बीण लावून उभा होता. आमाला बगून पुढं गेला. असा कसा गेला?"

ट्रॉलर हाकणाऱ्या त्या तांडेलाने मान खाली घातली. नानाला सगळं ठाऊक होतं, आणि त्याने कोणाला सांगितलेलं नव्हतं, मंदालाही नाही. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "तुझी होडी मी निळी केली. मला छान दिसली म्हणून. तो निळी होडी शोधत होता."

काशिनाथने तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता पडतेय. त्याचा हात उठलाही होता. मंदाने माझ्यादेखत मोबाइल काढला, तो फोटो पुसला आणि मोबाइल कमरेला खोचला. त्यापेक्षा काशिनाथने मारलं असतं तरी चाललं असतं.

नाना डोळे पुसून उठला. "काशा, ऱ्हाऊ दे. बोलला ना तोंडानं." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या तिरकस सुरात म्हणाला, "बगतोस काय? गल्यान कॅमेरा कशाला टांगलाय? काढ पाची जनांचा. आनि हात लावू नको."

मी काढला. ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली काळ्या सावल्या, मागे गढूळ पाणी, एकाने तर डोळे मिटलेले. धंद्याच्या हिशेबाने टाकाऊ फोटो. मी त्याला बोटही लावलं नाही. तसाच छापला आणि स्वतः जाऊन दिला. पाचही घरांत तो अजून भिंतीवर आहे.