वैऱ्याच्या उसाला पाणी

आज सकाळी शेजारच्या रानातले तात्या आमच्या विहिरीवर आले. "पोरी, माझी मोटर जळली गं. उसाची लावण वाळाय लागलीया. पाणी देशील का?"

याच तात्यांनी गेल्या वर्षी आमचा ट्रॅक्टर बांधावर अडवला होता. आमचा तोडलेला ऊस फडातच वाळला.

लहानपणी चर्चच्या संडे स्कूलमध्ये बायबलमधलं वैऱ्यावर प्रेम करायचं वचन घडाघडा म्हणून मी कंपासपेटी जिंकली होती. आज तेच वचन घशाखाली उतरेना.

"प्रभू, प्रेम काही वाटत नाही," मनात एवढंच म्हणाले आणि मोटर चालू केली.

राग अजून आहे. तरी उद्याही पाणी देणार.

लहानपणी पाठ केलेलं वचन तुम्हाला पहिल्यांदा खरोखर कधी पाळावं लागलं?