वाचताना मी गाळलेली पानं

माझ्या धाकट्या बहिणीला लग्नाची मागणी आली होती आणि ती मी परस्पर परतवून लावली. तिला विचारलंसुद्धा नाही. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. फक्त आईला माहीत होती, पण आई गेली आणि मग ती फक्त माझ्यापाशी राहिली. खरं सांगायचं तर त्या गोष्टीचं मला कधी ओझं झालं नाही. उलट आपण शहाणपणाचं काम केलं असंच वाटायचं. मागच्या वर्षी एक कादंबरी हातात पडली तोवर.

मी सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, मिरचीचं कांडप चालवते. उन्हाळ्याच्या तोंडावर बायका वर्षाची चटणी करून न्यायला रांगा लावतात. त्या तीन महिन्यांत जेवायलाही धड फुरसत नसते आणि घसा तर कायमचा कामातून गेलाय. नवरा म्हणतो, तुझा आवाज आता मशीनसारखाच झाला. म्हणू दे, त्याचं काय जातंय!

बहीण आमच्या माहेरी, रहिमतपुरात असते. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला, उजवा पाय बारीकच राहिला. गुडघ्यावर हात दाबून चालते. शिवणकाम करते, साड्यांना फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे गणवेश. मशीनला मोटर आहे, त्यामुळे पाय मारावा लागत नाही. भाऊ फौजेत होता, नंतर पुण्यातच राहिला. घर तिच्या एकटीच्या जिवावर चालतं.

गोष्टींचं वेड आम्हा दोघींना लहानपणापासून. पण तिचे हात आणि डोळे दिवसभर कापडात, वाचणार कधी? म्हणून तिच्या हातात स्मार्टफोन आला तेव्हापासून मी तिला कादंबऱ्या वाचून पाठवायला लागले. दुपारी दोन ते तीन कांडप बंद असतं. तेवढ्यात पोत्यावर बसायचं, फोन तोंडाशी धरायचा आणि एक प्रकरण वाचून व्हॉट्सॲपवर सोडून द्यायचं. ती शिवता शिवता ऐकते आणि संध्याकाळी तिचा शेरा येतो. "त्या सासूला येवढं डोक्यावर कशाला बसवलंय गं?" नाहीतर, "ह्यो नायक लयच मुळमुळीत हाय, बदल पुस्तक."

पण मी सगळं वाचत नव्हते. पुस्तकात कुठं अधू माणूस आला, लंगडा म्हणून कुणी कुणाला हिणवलं, की मी ते गाळायची. ही सवय घरातलीच. आमच्या घरात तो शब्द बंद होता. शब्दच काय, लंगडीचा खेळसुद्धा बंद होता. एकदा अंगणात गल्लीतल्या पोरींचा लंगडीचा डाव रंगला होता आणि आईनं बाहेर येऊन सगळ्यांना हाकलून दिलं, पुन्हा इथं खेळाल तर तंगड्या मोडीन म्हणाली. बहीण उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. आम्हाला वाटलं, पोरीच्या जिवाला लागलं, बरं झालं खेळ बंद केला. ती रडत होती ती खेळ मोडला म्हणून. त्या डावात पंच तीच असायची. कोण चोरून पाय टेकवतंय ते तिच्याइतकं कुणाला दिसायचं नाही. हे तिनं मला सांगितलं चाळिशी ओलांडल्यावर, तेही हसत हसत. मीही हसले होते आणि पुस्तकातली पानं गाळत राहिले होते.

तर ती कादंबरी. वाचनालयातल्या बाईंनी दिली, जाडजूड होती, म्हटलं महिनाभर पुरेल. दुसऱ्याच प्रकरणात नायिका लंगडत आली. नायिकाच! आता कुठं कुठं गाळणार? म्हटलं थोडं वाचू, मग सोडून देऊ. पण ती बाई काही वेगळीच होती. चहाडखोर, खोटारडी, आंबे लपवून ठेवून एकटी खाणारी. शेजारच्या घरी बांधकामाला आलेल्या गवंड्याकडं टक लावून बघायची. मला रागच आला. म्हटलं, या लेखकाला काय कळतंय? आमच्या घरात आहे ना तसलं माणूस, सोन्यासारखं, कधी कुणाला उलटून बोललं नाही, कधी काही मागितलं नाही.

हे मी मनात म्हटलं आणि तिथंच थोडी अडकले. कधी काही मागितलं नाही. आम्ही कधी विचारलं होतं का?

पुढं एका प्रकरणात तिच्या चुलत बहिणीचं लग्न आहे. नवरीला हळद लावायला सगळ्या बायका उठतात आणि हिला मात्र दागिन्यांच्या डब्यापाशी बसवतात, विश्वासाची म्हणून. ती तिथं बसून त्या डब्यावर थुंकते. मी हे वाचलं आणि माझी हळद डोळ्यांपुढं आली. माझ्या हळदीला बहीण कोठीच्या खोलीत किल्ल्या घेऊन बसली होती. मीच बसवलं होतं. ती एवढ्या गर्दीत कशाला उठबस करील, असं मीच म्हणाले होते. तिनं मला हळद लावली का? खूप आठवून बघितलं. नव्हती लावली.

मी पुस्तक मिटून तशीच बसले. तीन वाजले, बायका आल्या, मी मशीन चालू केलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बराच वेळ एका जागी बसून पाय बधिर होतो ना, तसं काहीतरी आत झालं होतं. टोचलं तरी कळेना.

त्या आठवड्यात एक म्हातारा आला, उजवा हात कोपरापासून नसलेला. दर वर्षी यायचा. दर वर्षी मी त्याच्या हातातलं पोतं न विचारता ओढून घ्यायची आणि किती बारीक करू ते त्याच्याबरोबरच्या सुनेला विचारायची. या खेपेला त्यालाच विचारलं, "आवं, पोतं उचलू का?" तो म्हणाला, "नगं, येतंय मला." आणि त्यानं ते खांद्यावर टाकून आत आणलंही. मग मिरची कशी दळायची, लसूण किती घालायचा, यावर अर्धा तास माझं डोकं खाल्लं. बोलायला लय तिखट माणूस होता. इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं.

आणि मग ते प्रकरण आलं. शेवटाकडचं. त्या गवंड्याचं मन तिच्यावर बसलेलं असतं. तो रीतसर मागणी घालायला येतो आणि तिचा मोठा भाऊ त्याला दारातूनच परत पाठवतो. "तिचीच इच्छा नाही," असं सांगतो. साधंच वाक्य. मी ते पोत्यावर बसून चार-पाच वेळा वाचलं.

माझ्याकडं जो आला होता, तो आटपाडीकडचा होता. शिलाई मशीन दुरुस्त करत गावोगाव फिरायचा, रहिमतपुरात बहिणीचं मशीन तोच बघायचा, मोटरही त्यानंच बसवून दिली होती. सुटे भाग न्यायला सांगलीला यायचा, तसा एकदा माझ्या कांडपाच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या बहिणीशी लग्न करायचंय. मी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. हात धड, पाय धड, डोळे धड. मग हा आमच्या हिला का मागतोय? काहीतरी खोट असणार. पहिली बायको सोडली असेल, नाहीतर घरावर डोळा असेल. मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, तिला लग्न करायचं न्हाई, तिनंच सांगून ठेवलंय. तो गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. तेव्हा मात्र मी त्याला चांगलंच झापलं. नंतर रहिमतपूरचं काम दुसराच कुणीतरी बघायला लागला. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, बरं केलंस बाई, फसवलं असतं पोरीला.

ते प्रकरण मी वाचलं नाही. पुढचं वाचायला घेतलं आणि मधे माझ्या पदरचं एक वाक्य घातलं की गवंड्याचं काम संपलं आणि तो आपल्या गावाला गेला. पाठवून दिलं. संध्याकाळी बहिणीचा आवाज आला.

"आक्का, गाळलंस नव्हं? तू गाळतीस तवा खोकतीस. मला कवापास्नं म्हाईत हाय. आगं, इथल्या वाचनालयात मिळत्यात की सगळी पुस्तकं. तू खोकलीस की म्या पुस्तक आणती आन तेवढंच आदी वाचती. लय मजा येती."

आणि वर खदखदून हसली. इतकी वर्षं मी हिला जपतेय म्हणून मिरवत होते आणि ही माझ्या खोकल्यावर लक्ष ठेवून होती. मला हसू यायला हवं होतं, निदान लाज तरी. काहीच आलं नाही. पण एक ठरलं. सांगायचं. आता न सांगणं म्हणजे आणखी एक पान गाळणं.

सोमवारी कांडप बंद ठेवलं आणि पॅसेंजरनं रहिमतपूर गाठलं. स्टेशनावरून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घरी गेले. बहीण गणवेशाच्या ढिगात बसली होती. "आज कसं काय गं, ऐन सीझनात?" म्हणाली. मी चहा ठेवला, दोघींनी घेतला. मग पिशवीतून कादंबरी काढली आणि म्हटलं, गाळलेलं वाचायला आलेय. मी ते प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचलं. ती शिवत होती. "तिचीच इच्छा नाही" इथं आल्यावर मी थांबले.

"वाच की," ती म्हणाली. "मी वाचलंय म्हणा. पण खरं सांगू का आक्का, हितं मला लेखक लय खोटा वाटला. बाकी समदं झ्याक लिवलंय. पर घरचा मानूस आसं करील व्हय? न इचारता?"

"मी केलंय," मी म्हटलं.

तिनं मशीन थांबवलं नाही, शिवण पुरी केली. मग दोरा तोडला. "काय केलंयस?"

"तुझं मशीन बघायचा त्यो आटपाडीचा. त्यो माज्याकडं आलता, सांगलीला. तुला मागायला. मी त्येला सांगितलं, तिला लगीन करायचं न्हाई म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजी आलता त्यो?"

"व्हय."

"मीच धाडलं हुतं त्येला. आईकडं नगं म्हणलं, आदी आमच्या आक्काला भेटा. ती समद्यांचं ऐकून घेती." ती हातातला गणवेश उलटा-सुलटा करत होती. "मग परत आलाच न्हाई. मला वाटलं, भ्याला. सांगलीपतूर गेलाच नसंल. इतकी वर्सं मी त्येला मनात शिव्या देतीया."

 माझे हात मांडीवर होते, ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे दिसत होते. आपण एका माणसाला सांगितलं की तिनंच नाही म्हटलंय, आणि त्याला तर तिनंच पाठवलं होतं. मग तो पायऱ्या उतरताना काय समजला असेल? हे मला कळत होतं, शब्द न् शब्द कळत होता. पण आतपर्यंत काही पोचत नव्हतं.

"येकदाच आलता?"

"न्हाई. दोनदा."

"दोनदा," ती म्हणाली. मग विचारलं, "दुसऱ्या बारीला काय म्हणला?"

"त्यांच्या तोंडनं येकदा ऐकू द्या म्हणला. मग जातो म्हणला."

"आन तू?"

मी सगळं सांगितलं. परत तिच्या दारात दिसलास तर माझा भाऊ फौजेत आहे, तंगड्या तोडील, असं मी म्हणाले होते, तेही सांगितलं. बाहेर रस्त्यावरच्या चार बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले होते, तेही. या वेळी काही गाळलं नाही.

"मग?"

"मग गेला."

"कसा गेला?"

"कसा म्हंजी?"

"मागं वळून बगितलं का त्येनं?"

मला माहीत नव्हतं. तो पायरी उतरायच्या आत मी मशीन चालू करून मिरची ओतायला घेतली होती.