बाबांचा ढालवाला हीलर कोणी केला?

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्ट विचित्र आला तर आम्ही भूत शोधत नाही, नमुना परत लावतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण गेले आठ महिने मी ही एकच गोष्ट परत परत तपासतेय आणि रिपोर्ट काही बदलत नाही.

आमचं घर दहिवलीत. मी, आई आणि बाबा. बाबा मूळचे कडावचे. एकतीस वर्षं एसटी चालवली, बरीचशी कशेळे-मुरबाड रस्त्यावर. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. फिजिओच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "काका, हे पहिले काही महिनेच हातासाठी मोलाचे. आत्ता अंगठा हलवला नाहीत तर हात असाच राहील." अंगठा उचलायचा, टेकवायचा. दहा वेळा, मग परत दहा वेळा. बाबा ढिम्म! मी मागे लागले की म्हणायचे, "मेलेल्या हाताला काय कवायत शिकवतेस गं दीपे?" डाव्या हाताने जेवताना कुणी बघू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. एवढा रुबाबदार माणूस... आई मोरीत जाऊन रडायची.

गेमची कल्पना माझ्या भावाची, निलेशची. तो पुण्याला असतो. आम्ही दोघं कॉलेजपासून एक ऑनलाइन गेम खेळतो — आपलं एक पात्र घ्यायचं, लढाया मारायच्या, पॉइंट मिळवायचे आणि हव्या त्या विद्येत घालायचे. म्हटलं, निदान बोटं तरी हलतील. टॅब आणला, स्टँडवर लावून दिला. बाबांनी काय निवडावं? ढालवाला! कारण ढालवाला पुढे उभा राहून मार खातो, वार आपोआप होतात, एका डाव्या अंगठ्यावर काम भागतं. आम्ही शेर तर बाबा सव्वाशेर. पण खेळायचे काय सांगू... पात्राचं नाव ठेवलं "कडावकर". राक्षस आला की अशी तिरकी जागा धरायचे की मागे आम्हा दोघांना खरचटायचंही नाही. घाटातला ड्रायव्हर तो! निलेश म्हणायचा, "एवढी वर्षं खेळतोय, मला नाही असं जमत."

आता मुद्द्याचं. या गेममध्ये पात्राचा प्रकारच बदलता येतो. ढालवाल्याचा हीलर, म्हणजे जखमा बऱ्या करणारा, होऊ शकतो. पण हे एकदाच करता येतं, मग माघार नाही. चुकून होऊ नये म्हणून स्क्रीनच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर दोन अंगठे एकाच वेळी पाच सेकंद दाबून धरावे लागतात. मग सगळे पॉइंट सुटे होतात, ते एकेक करून परत वाटायचे. दहा इंची टॅब आहे — एका हाताने दोन्ही कोपरे गाठून बघा. मी बघितलंय, नाही पोचत.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. बाबांनी सकाळीच खेळून बॅटरी संपवली, टॅब बंद पडला. मी लॅबला निघताना चार्जर लावायला गेले तर लाईटच गेली. ती आली थेट साडेचारला, तेव्हा कुठे टॅब चार्ज व्हायला लागला.

संध्याकाळी साडेसहाला नेहमीसारखे खेळायला बसलो. निलेश फोनच्या स्पीकरवर. आणि बाबा ओरडलेच, "दीपे, माझी ढाल कुठं गेली गं?" बघते तर कडावकर पांढरा झगा घालून, हातात काठी घेऊन उभा! मी निलेशला झापलं, त्याने मला झापलं. शेवटी गेममधली नोंद उघडली. बदल दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी. कुठून? याच टॅबवरून.

"आई, दुपारी बाबांजवळ कोण होतं?"

"मीच की. तांदूळ निवडत बसले होते. ह्ये खुर्चीत घोरत होते. आनि तुजा टॅब काळाठिक्कर. लाईट कुठं होती?"

भरीस भर म्हणजे ते पॉइंट. मोठमोठ्या विद्या सोडून सगळेच्या सगळे सर्वात बारक्या विद्येत घातलेले. तिचं नाव "स्पर्श". एका टिचकीत जखम थोडीशीच भरते, त्यामुळे सारख्या टिचक्या मारत राहावं लागतं. आणि मारायच्या उजव्या अंगठ्याने, कारण डावा पात्र चालवण्यात अडकलेला. निलेशने कपाळाला हात लावला. "कुठल्या येड्याने वाटले हे?"

"बंद करा ह्यो गेम. मला नाय खेळायचा," बाबा म्हणाले.

आमच्या या वादावादीत निलेशच्या पात्राला लांडग्यांनी घेरलं होतं. तो फोनवरून ओरडला, "अहो बाबा, मरतोय मी! बाबा!"

गेममधलं मरण ते काय, मिनिटात माणूस परत उभा. पण बापाच्या कानावर पोराची हाक पडली ना. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवरून उचलला आणि टॅबवर ठेवला. आणि अंगठा हलला हो! एकदा. थांबला. परत हलला. आईच्या हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं. निलेश मेला तो मेलाच, पण आमचं लक्षच नव्हतं तिकडे.

त्यानंतर बाबांनी जे केलं त्याला माझा दंडवत. आठवडाभर तर एका लढाईत तीन-चार टिचक्या जमायच्या. बनियन घामाने भिजायचं. मी म्हणायची, "बाबा, पुरे आता." तर म्हणायचे, "गप गं. पाशिंजर अर्ध्या रस्त्यात सोडायचं नसतं." महिन्याभरात अनोळखी खेळाडू "कडावकर आहे का?" म्हणून विचारायला लागले. का नाही विचारणार! कोण जखमी होणार ते बाबांना आधीच दिसायचं, जसं वळणापलीकडून येणारा ट्रक दिसायचा. मेमध्ये कडावला चुलतभावाच्या हळदीला बाबा पंगतीत बसले. उजव्या हाताने जेवले. वरण कोपरापर्यंत ओघळलं, पण उठले नाहीत, सावकाश शेवटचा घास संपवूनच उठले. माझ्या बापाची जिद्द बघून मी तिथे वाढायचंच विसरले.

फिजिओच्या मॅडमना मी "स्पर्श" दाखवला. त्या म्हणाल्या, "हा तर माझाच व्यायाम आहे. तुम्ही सेट केलात का?"

मी सगळं तपासलं. गेमवाल्यांना मेल केला. उत्तर आलं की बदल तुमच्याच टॅबवरून, दोन्ही अंगठे दाबून, रीतसर झालाय. टॅबचं घड्याळ चुकलं असेल म्हणावं, तर बाकी सगळ्या नोंदींच्या वेळा बरोबर. आई खोटं बोलत नाही. निलेश त्या वेळी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, त्याच्या बायकोकडून मी गुपचूप खात्री करून घेतलीय. बाबांनी झोपेत केलं म्हणावं, तर बंद टॅबवर, आणि तेव्हा न हलणाऱ्या अंगठ्याने? कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मला तर आजवर उत्तर मिळालेलं नाही.

काल सकाळी चहा घेताना मी परत तेच काढलं. "बाबा, खरं सांगा. तुम्हीच केलंत ना? शपथ आहे माझी."

"किती येळा विचारशील गं?" म्हणाले, आणि माझ्या डोक्यात टपली मारली.

उजव्या हाताने. चांगली लागली. मी तिथेच रडायला लागले, आणि बाबा बिचारे घाबरून आईला हाका मारायला लागले, "अगं, हिला जोरात लागलं वाटतं!"