विजेच्या चार बरण्या

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीच्या व्यापाऱ्यांना काय घेऊ आणि काय नको असं झालं. कोणी घोडागाडी आणली, कोणी छताला झुंबरं टांगली. नत्थुजींनी पदार्थविज्ञानाचा वर्ग आणला.

मुंबईच्या कॉलेजात मोठ्या पोरांकडून यंत्रांवर प्रयोग करून घेतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तसंच आपल्या गावात पाहिजे, म्हणून त्यांनी रुईच्या गोदामाशेजारची लांब खोली रिकामी करवली. मुंबईहून यंत्रांच्या पेट्या मागवल्या. रेल्वे इकडे पोचली नव्हती, म्हणून पुढची वाट पेट्या बैलगाडीने आल्या, आणि पेट्यांसोबत अब्दुल गफ्फार मास्तर आले.

मास्तर मूळचे अकोल्याचे, विणकराच्या घरचे. मुंबईच्या कॉलेजात वरच्या वर्गांना प्रयोग शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. बायको रजियाबीला वऱ्हाडात परतायचं होतं, म्हणून त्यांनी नत्थुजींचं बोलावणं घेतलं.

वर्गात इंग्रजी शाळा संपवलेली मिसरूड फुटलेली पोरं होती. मास्तर व्याख्यान देत नसत. यंत्र पुढ्यात ठेवत आणि म्हणत, "करा. जे दिसन ते लिहा. पुस्तकात काय लिहिलं हाये ते मले नका सांगू, ते मी वाचलं हाये." आकडा चुकला तर ते रागावत नसत. खोटा लिहिला तर मात्र माणूस उभा सोलत.

नत्थुजींचा भाचा किसनराव याने एकदा लोलकाच्या झोक्यांचा हिशेब सगळ्यांच्या आधी आणून दिला. आकडा पुस्तकातल्यासारखा अगदी चोख होता.

"मोजलं तू?" मास्तरांनी विचारलं.

"मोजलं न मास्तर."

"तुया लोलक तं अजून पेटीतच हाये."

पोरं हसली. मास्तर तेवढ्यावर थांबले नाहीत. शिशाचा गोळा किसनरावाच्या हातात दिला, हात समोर लांब करायला लावला आणि वर्ग सुटेपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं. हात थरथरू लागला तेव्हा म्हणाले, "घ्या, आता झोका सुरू झाला. मोजा रे याचे." सगळ्यांनी मोठ्याने मोजले. किसनरावाच्या डोळ्यांत पाणी आलं ते मास्तरांना दिसलं, तरी त्यांनी मोजणं थांबवलं नाही.

हिवाळ्यात नत्थुजींकडे मुंबईचे दलाल पाहुणे आले. जेवणं झाल्यावर यंत्रांची गंमत दाखवायची फर्माइश झाली. मास्तरांनी विजेचं यंत्र अंगणात मांडलं. काचेची चकती फिरवली की घासून वीज तयार व्हायची आणि कथलाचा पत्रा लावलेल्या बरणीत साठायची. एका हाताने बरणी धरून दुसऱ्याने वरच्या गोळीला बोट लावलं की झटका बसायचा. मास्तरांनी लहान बरणी घेतली. गोदामाच्या हमालांना एकमेकांचे हात धरून उभं केलं. झटका बसला तसे सगळे एकदम उडाले आणि पाहुणे पोट धरून हसले.

नमाजाची वेळ झाली म्हणून मास्तर उठले. जाताना मदतीला आलेल्या वर्गातल्या पोरांना बजावलं, "मोठ्या बरण्यांले हात नका लावू."

ते परतले तेव्हा अंगणात हसणं नव्हतं. पुंजाजी नावाचा म्हातारा हमाल फरशीवर पडला होता. तोंडाला फेस होता, श्वास नव्हता. शेजारी चारही मोठ्या बरण्या तारेने एकत्र जोडलेल्या होत्या, आणि चकतीची मूठ किसनरावाच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी हमालांनी बोजे उचलायचं बंद केलं. गाड्या दारात अडकल्या, तेव्हा नत्थुजींनी हमालांच्या मुकादमाला आणि वर्गाला अंगणात बोलावलं. पुंजाजीची बायको गंगूबाई भिंतीपाशी बसली होती.

किसनराव म्हणाला, "मास्तरांनी मांडलं होतं तसंच होतं. लहान बरणी होती." नत्थुजींनी एकेका पोराला विचारलं. एकेकाने मान डोलावली. मास्तर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. यांतल्या कोणालाही त्यांनी कधी खोटा आकडा खपवू दिला नव्हता.

"लहान बरणीनं माणूस मरत नाई," मास्तर म्हणाले. "माया अंगावर करून दाखवतो."

त्यांनी लहान बरणीचा झटका घेतला. खांदा उडाला, बस. हमालांत कुजबुज झाली.

"आता चार जोडतो. किसन, तूच फिरव. त्या दिशी फिरवली तेवढीच."

"मास्तर, राहू द्या न," एक पोरगा पुटपुटला.

"फिरवू द्या," नत्थुजी म्हणाले.

किसनरावाने मूठ धरली. चकती करकरत राहिली. त्या दिवसाइतकी फिरवली की कमी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मास्तरांनी बरणी धरली आणि गोळीला बोट लावलं.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. मास्तर मागे उडून ओट्याच्या दगडावर आपटले. पाणी मारलं, तळवे घासले, तेव्हा कुठे डोळे उघडले. उजवा हात नुसता लोंबत होता आणि जीभ वळत नव्हती.

नत्थुजी उठून उभे राहिले. "पायलं न समद्यांनी? चार बरण्या होत्या. मेला का मास्तर? मंग पुंजाजी बरणीनं कसा मरन? म्हातारा होता, त्याची वेळ भरली होती."

मास्तर जमिनीवरून मान हलवत होते. एका माणसावर एकदा केलेल्या प्रयोगाने काहीच ठरत नाही, त्याचं अंग वेगळं, वय वेगळं, असं त्यांना सांगायचं होतं. वर्गात हे त्यांनी कितीदा घोकून घेतलं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला. पोरांना तो कळला असावा, पण कोणी बोललं नाही. मुकादमाने थोडा विचार केला आणि माणसांना कामावर जायला सांगितलं.

वर्ग पुढे किसनराव चालवू लागला. मास्तरांची वाचा महिन्याभरात परतली. हात परतला नाही, वाटी धरली तरी सांडायची. एक दिवस ते वर्गाच्या दारात जाऊन म्हणाले, "हात नसला तं काय झालं, बोलून शिकवीन." किसनरावाने पोरांसमोर त्यांच्या हाती शिशाचा गोळा ठेवला. तो धप्पकन पडला. या खेपेला कोणी हसलं नाही. कोणी गोळा उचलूनही दिला नाही.

रजियाबीने अकोल्याला जायची बांधाबांध केली. गाडी भरत होती तेव्हा गंगूबाई आली. मास्तरांना वाटलं, दुवा द्यायला आली असेल. शेवटी तिच्या नवऱ्यासाठी बोलणारे तेच एकटे होते.

"गंगूबाई, मी खरं दाखवाले गेलो होतो."

"माईत हाये मले," ती म्हणाली. "पण तुमी वाचले न मास्तर. तुमी मेले असते तं माया माणसाची वेळ भरली होती असं कोणी म्हटलं नसतं. काहून वाचले तुमी?"

रजियाबी तिच्यावर धावून गेली, तशी ती पदर खोचून गोदामाकडे निघाली. नवऱ्याच्या जागी तिला रुई वेचायला लावलं होतं आणि उशीर झाला तर मुकादम आत घेत नसे.