आधी हकिकत, मग फोटो

ते माळरान पाचोडच्या बाजूला आहे की देवगाव रंगारीच्या, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. तेव्हा तुम्हाला सांगण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या मुलीचा तसा नियम आहे. लांडग्याचं बीळ कुठे आहे हे एकाच्या कानावर घातलं की रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि सोमवारी लांडगा गायब झालेला असतो. नियम ती करते आणि पाळते मी. आमच्या घरात एरवी हे बरोबर उलटं चालायचं, पण काही मुलं आईबापांपेक्षा शहाणी निघतात आणि माझी त्यातली आहे. हे मी बढाई म्हणूनच सांगतेय.

ती पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. ती सोडून रानातल्या जनावरांचे फोटो काढायला घरी आली. तिच्या वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली, आणि मी वरवर चिडचिड केली तरी आतून खूश होते. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? एका लग्नात, भरल्या पंगतीत, माझ्या नणंदेनं विचारलं, "मग काय, आता वाघसिंहांच्या मुंजीचे फोटो काढणार का गं तुझी लेक?" राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. "बोलावणं आलं तर तुम्हालाही घेऊन जाऊ," मी म्हणाले आणि जिलबी वाढणाऱ्याला पुढे जायला सांगितलं. जेवण मात्र गेलं नाही. सगळ्यांची तोंडं एका फटक्यात बंद होतील असा एक फोटो मला त्या दिवसापासून हवा होता. तिला हवा होता त्याहून जास्त मला हवा होता.

संधीही आली. एका मोठ्या स्पर्धेचा विषय होता, आई आणि पिल्लू.

रानात गाडी मी चालवते. मुलगी चालवते तेव्हा खड्डे शोधून शोधून त्यातून नेते. ती मागच्या सीटवर, खिडकीत तांदूळ भरलेली उशी, उशीवर तिची ती मोठी लेन्स. उशी मी शिवलेली, जुन्या जीन्सच्या पायाची. दार उघडायचं नाही, अत्तर लावायचं नाही, बिस्किटाचा पुडा वाजवायचा नाही, बोलायचं नाही. बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेलेल्या बाईला गप्प बसवणं सोपं नसतं, पण तिनं ते करून दाखवलं.

ते माळरान जिथे आहे तिथे मेंढरं चारणाऱ्या एका कुटुंबाची वस्ती आहे. लांडग्यांचं बीळ त्यांच्या चराईच्या रानात. पहिल्या दिवशी मुलीनं गाडी वस्तीपाशीच थांबवायला लावली आणि आधी तिथल्या बाईंना विचारायला गेली. त्या माझ्याच वयाच्या. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गेल्या साली ह्यानंच माझं कोकरू नेलं. लई गुणाचं कोकरू व्हतं. आन् तुमी त्याचे फोटू काढता व्हय?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही काढणार, मावशी," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काढा. पन तुमी दोघीच या, तिसरं मानूस आणू नका. ती लेकुरवाळी हाय. बिळापाशी कुनी गेलं तर म्या सोडायची नाय."

लांडग्याला शिव्याही त्याच देत होत्या आणि त्याची राखणही त्याच करत होत्या. मला त्या फार आवडल्या.

मग थंडीत आम्ही कितीतरी सकाळी तिथे गेलो. बिळापासून लांब, एका बाभळीपाशी गाडी लावायची आणि इंजिन बंद करून बसायचं. लांडगीला आमची सवय झाली होती, म्हणजे ती आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. पिल्लं मात्र फारशी दिसायची नाहीत. दिसली तरी गवतात दोन कान, बस्स. स्पर्धेची मुदत जवळ येत चालली होती आणि मी घड्याळाकडे नाही, कॅलेंडरकडे बघत बसायची.

आणि एके सकाळी पिल्लं बिळाच्या नेहमीच्या तोंडातून न येता आमच्या बाजूच्या एका तोंडातून बाहेर आली. बिळाला तिकडेही तोंड आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती इतकी जवळ होती की त्यांच्या मिशा मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. मागोमाग लांडगी आली. तिनं गाडीकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं, आणि एक पिल्लू तोंडात उचललं. कोवळं ऊन तिच्या अंगावर पडलं होतं, पिल्लाचे पाय लोंबत होते, आणि ती थेट आमच्याकडे बघत उभी राहिली.

मला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, पण हे मलाही कळलं. हाच तो फोटो. नणंदेचं उत्तर समोर उभं होतं.

मागून कॅमेऱ्याचा आवाज येईना. "काढ ना," मी पुटपुटले. आरशात पाहिलं तर तिनं डोळा कॅमेऱ्यावरून काढला होता.

"आई, ती पिल्लू दुसरीकडे हलवायला निघालीय. आपल्यामुळे. उजेडात उघड्या माळावरून नेलं तर वस्तीवरची कुत्री धरतील. गाडी मागे घे. हळू."

"एक तरी काढ."

"आई, मागे घे."

मी मागे घेतली. हातातोंडाशी आलेला घास असा टाकून दिला. बैलगाडीच्या वाटेवर गाडी वळवली तेव्हा मुलगी मान खाली घालून लेन्स पिशवीत भरत होती. मला मात्र बाजूच्या आरशात लांडगी दिसली. तिनं पिल्लू खाली ठेवलं होतं. ती त्याला चाटत होती. मग नाकानं ढकलून तिनं त्याला आत घातलं आणि बिळाच्या तोंडाशी आडवी झाली.

हे मी मुलीला सांगितलं नाही. इतका राग आला होता की घरापर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि घरी आल्यावरही त्या सकाळचा विषय काढला नाही. तीही बोलेना. पुढचे काही दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. लांडगीला पुन्हा त्रास नको म्हणून माळावरही गेली नाही. खिडकीत बसून नुसती बाहेर बघायची. मला वाटलं, फोटो गेल्याचा पस्तावा होतोय. बरं झालं, होऊ दे, असंही वाटलं.

आमच्या शहरात फोटो काढणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. औरंगपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत रविवारी दुपारी जमतात. त्यांचा एक रिवाज आहे, आधी हकिकत, मग फोटो. ज्यानं फोटो आणला त्यानं उभं राहून सांगायचं, कुठे बसला होता, किती लांब होता, जनावर काय करत होतं. कोणे एके काळी एकानं घुबडाचा फार सुरेख फोटो आणला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर कळलं की त्यानं घुबडाच्या आवाजाची टेप वाजवून आणि फांद्या छाटून तो मिळवला होता. तेव्हापासून हकिकत मंजूर झाल्याशिवाय भिंतीवरचा टीव्ही लावत नाहीत. गट चालवणारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. मी तिथे चहाचा थर्मास घेऊन मागच्या खुर्चीत बसते आणि तोंड उघडत नाही. मी फोटो काढत नाही, त्यामुळे मला बोलायचा हक्क नाही.

त्या रविवारी मुलीनं हात वर केला. रिकाम्या हातानं ही काय बोलणार, असं मला झालं. ती उभी राहिली आणि तिनं गावाचं नाव सोडून सगळं सांगितलं. दुसरं तोंड, ऊन, तोंडातलं पिल्लू. खोलीत लोक पुढे सरकून बसले.

"लावा टीव्ही," कुणीतरी म्हणालं.

"फोटो नाही," ती म्हणाली. "मला एक काढता आला असता. पण एक काढला की दुसरा काढावासा वाटतो. मला माझं माहीत आहे."

सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आणि तुम्ही निघाल्यावर ती काय करत होती?"

"माहीत नाही, सर. मी बघितलंच नाही." तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "तिनं ते पिल्लू तसंच नेलं असेल आणि कुत्र्यांनी…"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सगळे दिवस ती फोटोसाठी झुरतच नव्हती. खिडकीत बसून तिला ती कुत्री दिसत होती. पंगतीतली तोंडं बंद करायची होती मला, हिला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. थर्मास हातात धरूनच मी उभी राहिले.

"तिनं पिल्लू खाली ठेवलं," मी म्हणाले. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. "मी आरशात बघितलं. गाडी वळली तेव्हा."

मी इतके दिवस का सांगितलं नाही, हे मुलीनं विचारलंच नाही.

"नक्की?"

"नक्की. आधी चाटलं, मग नाकानं आत ढकललं, आणि स्वतः दारात आडवी झाली."

सर म्हणाले, "हकिकत मंजूर." टीव्ही बंदच होता. मुलगी खुर्च्यांमधून वाट काढत मागे आली, माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "परत सांग." मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.