नागीण मोजायचा दोरा

सरकारी दवाखान्यात नोकरी असली की किस्से जमवावे लागत नाहीत; औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे आपोआप साचतात. तलासरीजवळच्या आरोग्य केंद्रात मी फार्मासिस्ट होतो. तिथले माझे निम्मे किस्से विषाणूंच्या एकाच खानदानाचे आहेत!

आमच्या डॉक्टरांचं ठरलेलं भाषण असे. "लहानपणच्या कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू मज्जातंतूत झोपून राहतो. पेशीवर ताण आला की त्याला वाटतं, घर पडतंय, पळा! मग तो नागीण होऊन बाहेर येतो."

गुजरात सीमेवरच्या अच्छाड चेकपोस्टवर तीन दिवस अडकलेला एक ट्रकवाला अंगावर नागीण घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन मत लो." तो म्हणाला, "साहब, मैं कहाँ लेता हूँ? वो लोग देते हैं!"

*

त्याच खानदानातला एक भाऊ मालतीसिस्टरच्या ओठात राहायचा. वरून तपासणी येणार असली की फोनच्या आधी तिच्या ओठावर पाणीदार फोडांचा जर फुटायचा. डॉक्टर सकाळी आधी तिचा ओठ बघत, मग हजेरीपट.

तिची आई वरोरला अंथरुणाला खिळलेली. सिस्टर दोन एसट्या बदलून यायची-जायची, आणि बदलीचा अर्ज वर्षभर डॉक्टरांच्या सहीसाठी पडून होता. विचारलं की डॉक्टर हसायचे. "तुमचा ओठ वरोरला गेला तर मला तपासणीचं कळणार कसं?"

सिस्टरला हसू यायचं नाही. मलाही डॉक्टरांचा रागच यायचा.

*

झाईची एक आजी नागिणीवर उतारा म्हणून कमरेला गेरू फासून आली. हातात दोरा. नागिणीचं तोंड आणि शेपूट भेटलं की माणूस जातो, म्हणून ती रोज अंतर मोजायची.

डॉक्टर म्हणाले, "आजी, ती एकाच बाजूला राहते. भेटतच नाही!"

"भेटली नाय म्हनून तं आली. भेटल्यावर कोन येल?"

दोरा टेबलावरच राहिला. सिस्टरने तो ड्रॉवरमध्ये टाकला.

*

२०१९ची निवडणूक. एका गुरुजींना खरीच नागीण झाली आणि ड्युटी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन गुरुजी हजर, तिघांच्या कमरेला गेरू! डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. तिन्ही नागिणी बोळ्यावर आल्या.

*

निवडणूक संपली, लगेच लसीकरणाची मोहीम लागली, आणि एका सकाळी डॉक्टर वाकडे चालत आले. शर्ट वर केला. डाव्या कमरेवर लालभडक पट्टा.

भाषण झालंच नाही. हळूच म्हणाले, "सिस्टर, त्या आजीचा दोरा आहे का हो? गंमत म्हणून."

सिस्टरने दोरा आणला. डॉक्टर हात वर करून उभे. पाठीकडचं त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं: उजवी बाजू कोरी करकरीत.

"किती राहिलंय?"

सिस्टरने दोन वेळा मोजलं.

"चार बोटं, सर. आणि अर्ज तिसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे."

डॉक्टरांनी आधी पेन मागितला, मग गोळ्या.