भूपाल अण्णांचे चिंचोके

भूपाल अण्णा कुणाच्याही घरी वटवाघळं काढायला गेले की आधी पायरीवर बसून जेवत. ते जैन. दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंबही घेत नसत, आणि त्यांचं काम नेमकं दिवस मावळताना सुरू व्हायचं. त्यामुळे साडेपाचला डबा उघडायचा, दोन भाकरी आणि मुगाची आमटी संपवायची, स्वतःच्या बाटलीतलं गाळलेलं पाणी प्यायचं आणि घराकडे तोंड करून अंगणात उभं राहायचं. उजव्या खिशात चिंचोके असत. छपराच्या फटीतून एक वाघूळ बाहेर पडलं की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. मध्ये कुणी बोललं तर ते नुसता हात वर करत. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुणाला तरी निरोप देतो आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच घरी, सांगलीत. दिवाळी नुकतीच झाली होती. वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखाली वटवाघळांनी बस्तान मांडलं होतं आणि भिंतीवरून काळ्या लेंड्यांचे ओघळ येत होते. शेजारी म्हणाले, गंधकाचा धूर करा. कोरोनानंतर तर वटवाघूळ म्हटलं की लोकांना यमदूतच दिसायचा. मी आरोग्य सेविका आहे, घाण मला चालत नाही, पण घरात धूर कोंडून शंभर मेलेले जीव गोळा करण्याचीही हौस नव्हती. कुपवाडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला एक फिटर हे काम करतो असं कळलं. फोन केला. दुसऱ्या दिवशी जुन्या स्कूटरवरून अण्णा आले. सडपातळ, पांढरी टोपी, हातात डबा आणि पाठीवर शिडीला बांधायची दोरी.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी फक्त मोजलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्या फटी बंद केल्या आणि मोठी फट तेवढी ठेवली. तिच्यावर बारीक जाळी लावली, वरून आणि दोन्ही बाजूंनी घट्ट, खालून मोकळी. वाघूळ सरपटत खाली येतं आणि बाहेर पडतं. परत येताना ते फटीच्या तोंडाशी जातं, तिथे जाळी लागते, खालून शिरायचं त्याला सुचत नाही. आठवडाभर असं ठेवायचं, रोज मोजायचं, आणि सलग तीन दिवस एकही निघालं नाही की फट लिंपायची.

"हाकलायचं नसतंय, बाई," ते मला म्हणाले. "त्यास्नी कामाला जाऊ द्यायचं. परत यायला तेवढं दार ठेवायचं न्हाई."

एक वाघूळ जाळीत अडकलं तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि जाड चामड्याचे मोजे घातले. "चावलं तर? जन्मभर लोकांस्नी सुया टोचल्या, आता सोताच्या दंडावर टोचून घ्यायचंय व्हय?" असं म्हणून हसले. मी त्यांना शिडी धरली, खिळे दिले, जाळी कापून दिली. एखादं काम कुणी नीट करत असलं की ते बघून शिकायची मला खोड आहे. आठव्या दिवशी माझं घर मोकळं झालं. त्यांनी काही घेतलं नाही. घरी आमची सायली नावाची मांजर होती, तिला मात्र जाताना दम दिला, की बाहेर पडणाऱ्यांवर झडप घालशील तर बघ.

माझं उपकेंद्र पलूसजवळच्या एका गावात आहे. ते भाड्याच्या घरात चालतं. वर पत्रा, त्याखाली प्लायवूडचं छत, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर पोकळी. त्या पोकळीत वटवाघळं होती, हे मला फाल्गुनात कळलं. प्लायच्या सांध्यातून लेंड्या प्रसूतीच्या टेबलावर पडू लागल्या. आमच्या वैद्यकीय अधिकारी साहेबांनी खोलीला कुलूप लावलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्याच महिन्यात एक बाई पलूसला नेताना टेम्पोत बाळंत झाली. मूल वाचलं. बाईला इतका रक्तस्राव झाला की तिला तिथून सांगलीला हलवावं लागलं. ती वाचली, पण तिचं गर्भाशय काढावं लागलं. माझ्या नोंदवहीत वैशाख-ज्येष्ठात दिवस भरणाऱ्या आणखी पाच जणी होत्या. त्यांतली रेश्मा अवघी एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, अंगात रक्त कमी.

मी अण्णांना बोलावलं. ते वैशाखाच्या सुरुवातीला आले, डबा खाल्ला, मोजलं. बासष्ट. मग म्हणाले, आता हे काम होणार नाही, आषाढ संपला की येतो.

मी कारण विचारलं. आत पिल्लं असतील, म्हणाले. या दिवसांत मादी पिल्लू आत लटकवून खायला बाहेर जाते. जाळी लावली तर ती बाहेर राहील आणि पिल्लू आत. मी शिडीवर चढून प्लायच्या भोकातून मोबाईलचा उजेड टाकला. मला काही दिसलं नाही. मी त्यांना म्हटलं, दिसत तर नाहीत.

"दिसत न्हाईत," अण्णा म्हणाले. "असत्यात."

मी त्यांना रेश्माचं सांगितलं. टेम्पोतल्या बाईचं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं खोटं न्हाई, बाई. पर माझ्या हातनं हे व्हनार न्हाई." आणि स्कूटर सुरू करून निघून गेले.

मी चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी शिपायाला शिडी धरायला लावली आणि जाळी मीच लावली. अगदी त्यांच्यासारखी, वरून घट्ट, खालून मोकळी. त्या संध्याकाळी अंगणात उभी राहून मी मोजलं. बासष्ट. आकडा जुळला याचं मला समाधान वाटलं, हे मी लपवणार नाही. मी आयुष्यभर आकडे जुळवत आले आहे. पण अण्णांचे चिंचोके बाहेर येणाऱ्यांचे होते. ज्याला अजून उडता येत नाही त्याच्यासाठी खिशात चिंचोका नसतो. माझ्यासारखीला, जिची अर्धी नोकरी पोटातल्या न दिसणाऱ्या मुलांची नोंद ठेवण्यात गेली, तिला हे कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्र उघडलं तेव्हा छतातून आवाज येत होता. बारीक, काच घासल्यासारखा. उंदीर असतील, असं शिपाई म्हणाला. मी अण्णांना फोन केला. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही.

ते दुपारी पोचले. डबा आणला नव्हता. आधी जाळी उतरवली, मग प्लायचे तक्ते खोलायला लागले. वर वैशाखाचा तापलेला पत्रा. पिल्लं बोटाच्या पेराएवढी, उघडी, गुलाबी. बरीचशी वरच्या वाशाला चिकटलेली होती, काही खाली पडली होती. जिवंत होती ती त्यांनी मोजे घालून एकेक उचलली आणि फटीजवळच्या सावलीतल्या वाशावर जुनी गोणपाटं टांगून त्यांवर ठेवली. माद्या परतल्या तर त्यांना सापडावीत म्हणून. मी खाली टोपली धरून उभी होते.

दिवस मावळला. अण्णा उपाशीच अंगणात उभे राहिले, आणि मी पाहिलं, त्यांचे दोन्ही हात खिशाबाहेर होते. आदल्या संध्याकाळी बाहेर पडलेल्या माद्यांपैकी काही घिरट्या घालत आल्या. अकरा आत गेल्या. बाकीच्या आल्या नाहीत. त्या दिवसभर बाहेर कुठे राहिल्या आणि का परतल्या नाहीत, ते अण्णांनाही सांगता आलं नाही. मेलेली पिल्लं त्यांनी मोजली नाहीत. मी मोजली, सवयीनं. एक्केचाळीस.

मला वाटलं होतं ते रागावतील. बांधावर खड्डा खणून झाल्यावर, हात धुताना म्हणाले, "तुमची चूक न्हाई. कसं काढायचं ते तुमाला दावलं. कवा काढू नये, ते आधी दावाया पायजे हुतं." ते रागावले असते तर मी माझी बाजू मांडली असती. माझ्याकडे बाजू होती.

त्या अकराही वाचलेली पिल्लं घेऊन पुढच्या काही दिवसांत निघून गेल्या. छत स्वच्छ झालं, साहेबांनी कुलूप काढलं. रेश्मा त्याच खोलीत बाळंत झाली. मुलगी, पावणेतीन किलो. तिलाही रक्तस्राव झाला, पण मी जवळ होते आणि तो थांबवला. पाचही जणी सुखरूप सुटल्या. पुन्हा तीच वेळ आली तर मी काय करीन, असं मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

अण्णांनी मात्र काम सोडलं. फोन आला की सांगायचे, आता माझ्या हातनं व्हनार न्हाई. त्यांची सून म्हणाली, निदान कसं करायचं ते तरी लोकांना सांगा. ते म्हणाले, सांगूनच तर झालं. मग लोक फवारणीवाल्यांना बोलवू लागले. कुपवाडातल्याच एका गोदामात औषध मारलं आणि पोतं भरून वाघळं बाहेर काढली. ती बातमी त्यांना शेजाऱ्यानं कौतुकानं सांगितली. आधी ते गोदामवाले अण्णांकडेच आले होते. मी एका छतातली मारली, असं मला वाटत होतं. तो आकडा एक्केचाळीसवर थांबला नाही.

त्या पावसाळ्यात त्यांनी लाकडाच्या तुकड्यांची एक अरुंद पेटी बनवून आणली आणि उपकेंद्रामागच्या कडुनिंबाला उंचावर बांधली. खालून चिरेएवढी फट. परत आली तर राहायला जागा हवी, म्हणाले. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा. प्रकृती, पाऊस, काही नाही. एकच प्रश्न, "बाई, किती निघाली?" मी खरोखर उभी राहून मोजत असे, आणि खरं तेच सांगत असे. एकही नाही. "बरं," म्हणून ते फोन ठेवत. दोन वर्षं हे चाललं.

यंदा भाद्रपदात त्यांची फुप्फुसं गेली. सांगलीच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. सून डबा उघडून बसली होती, दिवस मावळायच्या आत दोन घास जावेत म्हणून. ते घेत नव्हते. मला पाहून त्यांनी नाकावरची नळी जरा सरकवली.

"बाई, किती निघाली?"

अठरा वर्षांच्या नोकरीत मी नोंदवहीत एकही खोटा आकडा लिहिलेला नाही.

"बासष्ट," मी म्हटलं.

त्यांचा उजवा हात चादरीवर थोडा हलला, खिशाच्या जागी गेला. तिथे खिसा नव्हता. खिडकीत ऊन होतं ते भिंतीवर चढत चाललं होतं. सून म्हणाली, "आवं मामा, एक घास तरी." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पोरं धरून?"

मी त्यांच्या नाकावरची नळी जागेवर बसवली. ऊन भिंतीवरून गेलं, आणि सुनेनं डब्याला झाकण लावलं.